रिपोर्ट सुधारला, रुग्णाचं काय?

हार्ट अटॅकनंतर काही रुग्णांच्या हृदयाचे ठोके अधूनमधून चुकतात. असे रुग्ण दगावण्याचा धोका जास्त असतो. त्यामुळे ठोके नियमित केले की जीव वाचतील, असं डॉक्टरांना वाटे. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधं त्यासाठीच दिली जात. ईसीजी खरोखरच सुधारत असे.

अमेरिकेतल्या ‘कास्ट’ चाचणीनं मात्र थेट मृत्यू मोजले. 1991 साली प्रसिद्ध झालेले आकडे असे: औषध घेणाऱ्या 755 जणांपैकी 63 दगावले, तर औषधासारखीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी घेणाऱ्या 743 जणांपैकी फक्त 26. ठोके ताळ्यावर आले, माणसं मात्र गेली.

ईसीजी, रक्तदाब, साखर हे अप्रत्यक्ष निकष. ते झटपट मोजता येतात, म्हणून संशोधनात सोयीचे ठरतात. पण रुग्ण किती जगला, त्याचं दुखणं कमी झालं का, तो स्वतःची कामं स्वतः करू लागला का, हे खरे निकष. शिवाय काय मोजायचं, हे चाचणीआधीच जाहीर करायला हवं. नाहीतर सोयीचा तेवढाच आकडा पुढे केला जातो.

नव्या औषधाची बातमी वाचाल, तेव्हा एवढं जरूर विचारा: नेमकं काय सुधारलं, रिपोर्ट की रुग्ण?