‘पाणी’ला ‘पानी’ वाचणारं मूल खरंच चुकतंय का?

भंडारा जिल्ह्यातल्या झाडीबोलीत ‘ण’चा ‘न’ होतो आणि ‘ळ’चा ‘र’. घरात ‘पानी’, ‘डोरा’; पुस्तकात मात्र ‘पाणी’, ‘डोळा’. मूल शब्द ओळखतं, अर्थही सांगतं, पण उच्चारतं ‘पानी’. लगेच ‘वाचता येत नाही’ असा शिक्का!

कान घरच्या भाषेवर घडतो. जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये दाखवलं, की इंग्रजी बोलणाऱ्या घरातली ६ ते ८ महिन्यांची बाळं हिंदीतल्या ‘ट’ आणि ‘त’मधला फरक ओळखतात. वर्षाची होईपर्यंत ही क्षमता बरीच ओसरते.

‘भ’ला ‘म’ वाचणं वेगळं. तिथे अडखळते ती नजर. त्याला अक्षर गिरवण्याचा सराव हवा. ‘पानी’ म्हणणाऱ्याला आधी ‘न’ आणि ‘ण’ जोडीने ऐकवावे लागतात.