ओळंब्यात उभी छत्री

छत्री बसवायला आलेल्या माणसाने आधी गाडीची चारही चाकं दाबून हवा पाहिली. मग समोरच्या गल्लीतल्या पत्र्यांकडे बोट दाखवून मला विचारलं, "भाऊ, ह्या सगळ्या छत्र्या कुठं पायतात?"

चिखलीतल्या त्या गल्लीत मी तीस वर्षं राहतो, पण छपरांकडे तसं कधी पाहिलं नव्हतं. फ्री डिशच्या झाडून सगळ्या छत्र्या एकाच दिशेला, आग्नेयेला तोंड करून उभ्या होत्या. "हे आपलं होकायंत्र," तो म्हणाला. खरं होकायंत्र त्याच्या पिशवीत होतं. पण लोखंडी टपावर ठेवलं की त्याची सुई भरकटते, म्हणून गाडीवर काम असलं की तो ते बाहेर काढत नाही.

माझे थोरले भाऊ, दादा, एसटीत चालक होते. निवृत्तीनंतर त्यांनी जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली. आसनं काढून आत दोन बाक, शेगडी, पाण्याची टाकी बसवली आणि आरटीओत तशी नोंदही करून घेतली. आईला शेगाव, लोणार, पंढरपूर दाखवायचं आणि मुक्काम गाडीतच करायचा, असा बेत होता. आईची अट एकच होती: सात वाजता सह्याद्रीच्या बातम्या लागल्या पाहिजेत. मोबाइलवरचं चित्र तिच्या डोळ्यांना झेपत नाही.

मागच्या वर्षी एकाने थेट टपाला भोकं पाडून छत्री ठोकून दिली होती. पहिल्याच पावसात पाणी आईच्या अंथरुणावर आलं. हा माणूस ती भोकं बुजवण्यातच तासभर रमला. गंज खरवडला, आतून-बाहेरून पत्र्याचे तुकडे लावले, सिलिकॉन भरलं आणि ते सुकेपर्यंत दुसऱ्या कशाला हात लावला नाही. नवी बैठक त्याने टपाच्या कॅरिअरवर घेतली, यू-क्लॅम्पने आवळून. केबल मागच्या दाराच्या रबराखालून आत नेली आणि आत शिरण्याआधी तिला खाली एक वळसा दिला. पाणी केबलवरून ओघळत आलं तरी त्या वळशावरून खाली टपकतं, आत येत नाही.

खरं काम पुढे होतं. फ्री डिशचे चॅनेल जीसॅट-15 या उपग्रहावरून येतात. 2015 च्या नोव्हेंबरात सोडलेला हा उपग्रह विषुववृत्तावर, 93.5 अंश पूर्व रेखांशावर, जमिनीपासून सुमारे 35,786 किलोमीटरवर आहे. पृथ्वीच्याच गतीने फिरत असल्यामुळे आपल्याला तो आकाशात एका जागी खिळलेला दिसतो. चिखलीहून पाहिलं तर तो क्षितिजापासून सुमारे 59 अंश वर आहे. थाळी मात्र इतकी वर बघताना दिसत नाही. तिचा आकारच असा असतो की ती दिसते त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वरचं झेलते. लोकांना वाटतं, छत्री समोरच्या घराकडे बघतेय.

साठ सेंटिमीटरच्या थाळीची नजर फार अरुंद, जेमतेम तीन अंशांची. मधल्या रेषेपासून दोन अंश इकडेतिकडे झालं की चित्राचे चौकोन होतात आणि मग पडदा काळा. घराच्या स्लॅबवर हे एकदाच जमवायचं असतं. गाडीचं तसं नाही. ती स्प्रिंगवर उभी असते, आत कुणी एका बाकावरून दुसऱ्यावर गेलं तरी कलते. "डबा हालला का आभाळ हालते, भाऊ," तो म्हणाला.

मला वाटत होतं, प्रत्येक गावी नवा कोन शोधत बसावं लागणार. तसं नाही. मुंबईपासून गडचिरोलीपर्यंत गेलं तरी या उपग्रहाच्या उंचीत फरक पडतो तो चार-पाच अंशांचा. पंढरपूरला तो चिखलीपेक्षा दीडेक अंश वर आणि पाच-सहा अंश पूर्वेकडे सरकलेला दिसतो, एवढंच. शंभर कोसांचा प्रवास चित्राचं जितकं बिघडवत नाही, तितकं मुक्कामाच्या जागेचा उतार बिघडवतो. म्हणून त्याने सगळी अक्कल छत्रीच्या खांबावर खर्च केली. खांब ओळंब्यात असेल तर उंचीचा कोन तसाच ठेवायचा आणि थाळी फक्त डावी-उजवीकडे फिरवायची. खांब तिरका असेल तर फिरवताना थाळी वरखालीही होते आणि माणूस रात्रभर शोधत बसतो.

मोजणीवाल्यांच्या दुर्बिणीला खाली तीन स्क्रू असतात, तसे तीन लांब बोल्ट त्याने खांबाच्या तळपट्टीला लावले. गाडी कशीही उभी राहो, बोल्ट खालीवर करून खांब सरळ करता येतो. खांबाला दोरीने छोटा ओळंबा कायमचा अडकवला. ही युक्ती कुठून, असं विचारल्यावर त्याने ऊसतोडीला जाणाऱ्यांचं सांगितलं. त्यांची छत्री ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांड्याकुंड्यांबरोबर जाते आणि कारखान्यावर कोपीशेजारी बांबूवर उभी राहते. तिथे त्याला कुणी बोलावत नाही. बाया-माणसं स्वतःच लावतात. "मंग ह्यांना काऊन जमू नये?" असं म्हणत त्याने पाना वहिनींच्या हातात दिला.

त्याचं हे मला सगळ्यात आवडलं. चित्र तर पंधरा मिनिटांत आलं होतं. पुढचे दोन तास त्याने वहिनींकडून तेच काम चार वेळा करून घेतलं: छत्री आडवी पाडायची, उभी करायची, ओळंबा, मग सिग्नल मीटरची शिट्टी चढेपर्यंत हळूहळू फिरवायचं. आडवी पाडणं विसरायचं नाही, हे दादांना दोनदा बजावलं. ऐंशीच्या वेगात उभ्या थाळीवर दहा-अकरा किलोचा रेटा येतो. समृद्धीवर गाडी काढली तर त्याहून जास्त.

शेवटी प्रत्येक नटावर दुसरा नट आवळला आणि वहिनींचं नेलपॉलिश मागून नट-बोल्टवरून एकेक लाल रेघ ओढली. नट सैल झाला की रेघ तुटलेली दिसते.

आठवड्याने राजूर घाट उतरून, मलकापूर-शेगाव करून आम्ही लोणारला पोहोचलो. पहिल्या जागेवर आग्नेयेला कडुनिंब आडवा आला, गाडी वीसेक पावलं पुढे घ्यावी लागली. चाकांखाली फळ्या दिल्या. वहिनी शिडीवर, मी खाली पाने धरून, आई आतून "आलं, गेलं, आलं" सांगत होती. सातला चार मिनिटं कमी असताना चित्र स्थिरावलं ते स्थिरावलंच.

बातम्या चालू असतानाच छत्रीवाल्याचा फोन आला. आधी त्याने विचारलं, "रेघा पायल्या का?"

मी बॅटरी घेऊन वर चढलो. बारापैकी अकरा रेघा जशाच्या तशा होत्या. उजवीकडच्या मागच्या क्लॅम्पची रेघ केसभर सरकली होती.