शून्य आणि मौन : विद्युच्चलित झडपांची संकेतयोजना

मराठीत ‘संकेत’ या शब्दाचे दोन अर्थ रूढ आहेत : एक खूण किंवा इशारा, आणि दुसरा दोन पक्षांत आधी ठरलेला नियम. शब्दाचा अर्थाशी असलेला संबंध सांगताना नैयायिकांना हा दुसरा अर्थ अभिप्रेत असतो. विजेच्या मोटरीने उघडमीट होणाऱ्या झडपेस दुरून जी आज्ञा पाठवितात तिला संकेत म्हणतात ते पहिल्या अर्थाने; परंतु अशी झडप कामास लावताना खरी काळजी घ्यावी लागते ती दुसऱ्या अर्थाची.

विलेपार्ल्याचे पाणी भांडुपच्या शुद्धीकरण केंद्राकडून अंधेरीच्या वेरावली जलाशयात व तेथून वस्तीत येते. ठराविक वेळी ठराविक भागास पाणी सोडावयाचे, ही मुंबईची रीत. त्यामुळे रस्त्यांतील झडपा दररोज फिरवाव्या लागतात. हे काम महापालिकेचा चावीवाला करतो. किती फेरे दिले असता कोणत्या गल्लीत पाणी चढते, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. त्याच्या हाताच्या जागी मोटर आली, तर ‘थोडी उघड’ हे तिला कसे कळावे?

त्यासाठी तारेतून अल्प विद्युत्प्रवाह पाठवितात. ४ मिलिअँपिअर म्हणजे झडप पूर्ण मिटलेली, २० म्हणजे पूर्ण उघडी, १२ म्हणजे अर्धी. दाबाऐवजी प्रवाह निवडण्याचे कारण सरळ आहे. तार लांब असली की विजेचा दाब वाटेत घटतो. प्रवाह मात्र मंडलात सर्वत्र सारखाच राहतो. पण आरंभ शून्यापासून न करता चारापासून का करावा?

येथे पाणिनीचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. लोप पावलेल्या प्रत्ययाचेही कार्य तो मानतो. मराठीत ‘दगड’ हे एकवचन, आणि अनेकवचनही ‘दगड’च, तेथे प्रत्ययाचा अभाव स्वतःच अर्थ वाहतो. भाषेला हे परवडते, कारण वाक्यातील इतर पदे साक्ष देतात. झडपेपाशी अशी साक्ष नसते. शून्य प्रवाह हीच ‘मीट’ अशी आज्ञा ठरविली, तर तुटलेली तार आणि मिटण्याची आज्ञा यांत भेद उरत नाही. चारापासून आरंभ केल्याने शून्य हे आज्ञेच्या कक्षेबाहेर जाते व त्याला ‘संबंध तुटला’ हा एकच अर्थ राहतो.

हा नियम दोन्ही टोकांना सारखाच हवा. नियंत्रककक्ष ४ ते २० धरून चालला व मोटर ० ते २० वर लावलेली राहिली, तर ‘पूर्ण मीट’ या आज्ञेवर झडप २० टक्के उघडीच राहते. ‘अर्धी’ म्हटल्यावर ६० टक्के उघडते. ‘पूर्ण उघड’ला मात्र अचूक उघडते. म्हणून केवळ उघडून पाहिलेली चाचणी निरुपयोगी होय. मिटलेली, अर्धी व उघडी अशा तिन्ही स्थिती प्रत्यक्ष झडपेजवळ उभे राहून पडताळाव्यात. शिवाय आज्ञा सांगते ती स्थिती, पाण्याचे मान नव्हे; अर्धी उघडलेली झडप अर्धेच पाणी सोडील असे नाही.

संकेतातील बारीक थरथरीस मोटरीने उत्तर देऊ नये, यासाठी एक-दोन टक्क्यांचा दुर्लक्ष-पट्टा ठेवतात. एरवी ती सतत सुरू-बंद होऊन तापते. उच्चारातील किरकोळ फरक श्रोता असाच सोडून देतो.

सर्वांत अवघड प्रश्न मौनाचा. तार तुटली असता झडपेने मिटावे, उघडावे, की आहे तेथेच थांबावे? जलाशयात पाणी आणणारी झडप उघडी राहिली तर जलाशय भरून वाहील. मिटली तर पुढील वस्ती कोरडी पडेल. जागीच थांबली तर यांपैकी काय घडेल ते त्या वेळच्या स्थितीवर अवलंबून. याचे उत्तर यंत्राच्या पुस्तिकेत सापडत नाही. कोणत्या भागास किती वेळ पाण्यावाचून काढता येईल, हे चावीवाल्यासच विचारावे लागते. मिटण्याचा पर्याय निवडला तरी मिटणे सावकाश हवे. मोठ्या नळातील धावते पाणी एकदम अडविल्यास त्याचा आघात नळाचे सांधे उखडू शकतो.

मोटरीवर हाताने फिरविण्याचे चाक व ‘स्थानिक–दूर’ अशी कळही असते. दुरुस्तीनंतर ती कळ ‘स्थानिक’वर राहिली, तर दुरून आलेला प्रत्येक संकेत शुद्ध असूनही निष्फळ होतो. म्हणून कळीची स्थिती स्वतंत्र तारेने कक्षाला कळविण्याची सोय आरंभीच करावी.