हंगामी औषधनिर्मात्याची नोकरी : काय शिकावे, काय जपावे

दवाखान्यात डॉक्टर रोगाचे निदान करतात व औषध लिहून देतात. परंतु ते औषध रोग्याच्या हाती पडते ते खिडकीमागे बसलेल्या माणसाकडून. जुनी मंडळी त्यास अजूनही कंपाउंडर म्हणतात. सरकारी कागदावर तो फार्मासिस्ट आणि मराठीत औषधनिर्माता. या धंद्यात शिरणाऱ्या आपल्या जिल्ह्यातील पुष्कळ तरुणांस पहिली जागा मिळते ती हंगामी : कोणाच्या रजेच्या काळापुरती, वर्षाच्या करारावर, किंवा मनुष्यबळ पुरविणाऱ्या एजन्सीमार्फत. मग घरची मंडळी विचारतात, "असल्या नोकरीत काय ठेवले आहे?" या प्रश्नाचे उत्तर शोधावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम पात्रतेविषयी. एके काळी दवाखान्यात हाताखाली राहून कंपाउंडर तयार होत. देशातील औषधांच्या अव्यवस्थेची चौकशी करण्यासाठी रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली 1930-31 साली समिती बसली. 1932 साली बनारस हिंदू विश्वविद्यालयात महादेवलाल श्रॉफ यांनी या विषयाच्या पद्धतशीर शिक्षणाचा पाया घातला, आणि 1948 साली फार्मसी कायदा झाला. या कायद्याच्या 42 व्या कलमाप्रमाणे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत औषधनिर्मात्यानेच द्यावयाचे असते. विशेष असे की, पहिली नोंदवही तयार होत असता दवाखान्यात पाच वर्षे औषधे बनविण्याचे काम केलेल्या अनुभवी लोकांनाही तीत जागा देण्यात आली. म्हणजे कामाच्या अनुभवास या धंद्यात आरंभापासून मान आहे. मात्र आज केवळ अनुभवावर नोंदणी होत नाही.

आज विज्ञान शाखेतून बारावी झालेल्या विद्यार्थ्यास दोन वर्षांची पदविका घेता येते. त्यानंतर किमान तीन महिन्यांत मिळून 500 तासांचे प्रत्यक्ष शिक्षण पुरे करावे लागते. 2022 साली आलेल्या नियमांत पदविकाधारकांसाठी नोंदणीपूर्वी एक्झिट परीक्षाही सांगितली आहे. ती आपल्या तुकडीस कशी लागू होते, हे परिषदेकडे विचारून घ्यावे. पुढे शिकण्याची इच्छा असल्यास पदविकेवरून पदवीच्या दुसऱ्या वर्षास प्रवेश मिळू शकतो.

आपल्या सरहद्दीच्या मुलांनी येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो; पलीकडे शिकण्यास जाणे आपणांस अवघड वाटत नाही. परंतु नोंदणी ही राज्यवार असते. महाराष्ट्राच्या परिषदेत नाव घातले आणि नोकरी आदिलाबादेत करावयाची ठरली, तर तेलंगणा परिषदेकडे नोंदणी करून घ्यावी लागते. हे काम जाहिरात निघाल्यावर सुरू केले तर मुदत हातची जाते.

आता जागा मिळाली असे धरू. ती आदिलाबादच्या रिम्स रुग्णालयातील असो, उटनूरकडील एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील असो, वा गावातील मेडिकल दुकानातील असो. पहिला नियम एकच. मोजल्यावाचून चार्ज घेऊ नये. हंगामी माणूस आज येतो, उद्या जातो. त्यामुळे साठ्यात तूट निघाली की बोट त्याच्याकडे दाखविणे सर्वांस सोपे पडते. म्हणून पहिल्याच दिवशी साठा-वही, ई-औषधीवरील आकडा आणि फळीवरील प्रत्यक्ष माल या तिन्हींचा मेळ घालावा. फरक आढळल्यास लिहून वरिष्ठांची सही घ्यावी व मगच आपली सही करावी. यात कोणावर अविश्वास दाखविणे नाही. हिशेबाची ती रीतच आहे.

दुसरा नियम मांडणीचा. जे औषध आधी आले ते आधी द्यावे, असे पुष्कळांस वाटते. वास्तविक ज्याची मुदत आधी संपते ते आधी द्यावयाचे असते. दिसण्यात वा नावात साम्य असलेली औषधे शेजारी ठेवू नयेत. इन्शुलिन, ऑक्सिटोसिन यांसारखी औषधे 2 ते 8 अंश सेल्सियसमध्ये राहिली पाहिजेत. फ्रीजचे तापमान रोज लिहावे आणि वीज गेल्याची वेळही टिपून ठेवावी. मेडिकल दुकानात एच-1 अनुसूचीतील औषध दिल्यास डॉक्टर, रोगी, औषध व प्रमाण यांची स्वतंत्र वहीत नोंद करून ती वही तीन वर्षे जपावी लागते.

पण ही झाली वह्यांची व फळ्यांची गोष्ट. औषधनिर्मात्याची खरी परीक्षा खिडकीवर होते. 'बीडी' म्हणजे दिवसातून दोनदा, 'टीडीएस' म्हणजे तीनदा, हे आपण वाचू शकतो. रोगी वाचू शकत नाही. क्षारसंजीवनीची पुडी देताना ती सबंध एक लिटर पाण्यात विरघळवावी आणि चोवीस तासांत संपवावी, हे सांगावेच लागते. नाही तर माय थोडी पुडी पेलाभर पाण्यात अंदाजाने टाकते आणि दाट मिश्रण लेकराला अपाय करते. मुलांच्या प्रतिजैविकाची भुकटी उकळून गार केलेल्या पाण्यात खुणेपर्यंत कालवावी व बाटलीवर लिहिलेल्या दिवसांपलीकडे वापरू नये. लोहाच्या गोळ्यांनी शौचास काळे होते, त्यात भिण्याजोगे काही नाही. मात्र त्या चहाबरोबर घेऊ नयेत. व्हायव्हॅक्स हिवतापात प्रायमाक्विन सामान्यतः चौदा दिवसांचे असते. ताप उतरला म्हणून चौथ्या दिवशी सोडले तर रोग पुन्हा डोके वर काढतो. हेच औषध गर्भवतीस द्यावयाचे नसते. चिठ्ठीत शंका आली तर अंदाजाने औषध देऊ नये. उठून डॉक्टरांना विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही.

आणि येथेच आपल्या मुलांजवळ एक भांडवल आहे. या जिल्ह्यात खिडकीपुढच्या एकाच रांगेत तेलुगू, उर्दू, मराठी, गोंडी, कोलामी व बंजारा बोली ऐकू येतात. घरी एक, शाळेत दुसरी आणि बाजारात तिसरी भाषा बोलत वाढलेला मुलगा रोग्यास त्याच्या बोलीत दोन वाक्ये समजावू शकतो. सांगून झाल्यावर "आता तुम्ही मला सांगा, गोळी कधी घ्याल?" असे विचारावे; समजले की नाही ते लगेच कळते. मराठी माध्यमातून शिकलेल्यांनी तेलुगू लिहिणे-वाचणेही पक्के करावे, कारण कचेरीचा पुष्कळसा व्यवहार त्या भाषेत चालतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ : या हंगामी सेवेचा पुढे उपयोग काय? 2006 साली उमादेवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, हंगामी वा करारी नोकरी काही काळ केली एवढ्यावरून कायमपणाचा हक्क उत्पन्न होत नाही. तेव्हा "लागलो की चिकटलो" ही आशा कोणी बाळगू नये. परंतु सेवा वायाही जात नाही. तेलंगणाच्या वैद्यकीय व आरोग्य सेवा भरती मंडळाने 2024 साली दुसऱ्या श्रेणीच्या फार्मासिस्टांच्या 600 हून अधिक जागांसाठी जाहिरात काढली. तीत लेखी परीक्षेस 80 आणि सरकारी दवाखान्यांतील करारी वा आउटसोर्सिंग सेवेस 20 गुण ठेवले होते. आदिवासी भागातील दर पूर्ण सहा महिन्यांस अडीच गुण, इतरत्र दोन. हिशेब करून पाहा : एजन्सी भागात चार वर्षांत पूर्ण वीस गुण होतात, तेच शहरात मिळविण्यास पाच वर्षे लागतात. ज्या आडगावची जागा आपण नको म्हणतो, तिचेच मोल अधिक धरले गेले!

हे गुण कागदावाचून मिळत नाहीत. नेमणुकीचा हुकूम, रुजू झाल्याचा अहवाल, दर वर्षीचे नूतनीकरण, पगाराच्या नोंदी, भविष्यनिर्वाह निधीची कपात होत असल्यास तिचा खाते क्रमांक, आणि सोडताना सक्षम अधिकाऱ्याचे अनुभव-प्रमाणपत्र, हे सर्व एका फाइलीत लावून ठेवावे. एजन्सी बदलली, अधिकारी बदलले, की मागचा कागद मिळविणे कठीण जाते.

शेवटी एका मोहाविषयी लिहिणे भाग आहे. प्रमाणपत्र दुकानाच्या भिंतीवर टांगण्यास द्यावे, घरी बसून महिन्याला काही रक्कम घ्यावी, आणि खिडकीवर कोणी बिनशिक्षित माणसाने औषधे द्यावीत, हा प्रकार आपल्या देशात चालतो. कित्येक आईबापांस तो सोयीचा वाटतो. पण चुकीचे औषध गेले तर नाव त्या प्रमाणपत्रावरचेच निघते, आणि परिषद ते नोंदवहीतून काढूनही टाकू शकते. शिवाय दोन वर्षांत जे शिकलो ते हाताला न लागताच विसरते. भाड्याने दिलेल्या प्रमाणपत्रापेक्षा थोड्या पगाराची हंगामी जागा शतपटीने बरी. तीत निदान विद्या वाढते.

नेमणूक हंगामी असते. खिडकीपुढे उभा असलेला रोगी हंगामी नसतो. त्याचा ताप खरा असतो आणि त्याच्या हातावर ठेवलेली गोळीही खरी असते. हे ज्या तरुणास उमगले, त्याने मिळेल त्या जागेवर निःशंक रुजू व्हावे.