मेडलच्या आधी नोकरी की मेडलनंतर? खाशाबांपासून स्वप्नीलपर्यंत

ऐकण्यापेक्षा वाचायला ज्यांना बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना मध्ये मध्ये जे ‘अं... अं’ होतं ते काढलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

खेळाडूंवर भाग केला की खाली एक ठरलेली कमेंट येते. शब्द वेगळे, पण प्रश्न एकच. ‘दादा, मी स्टेट लेव्हल खेळतो. घरचे म्हणतात खेळ बास झाला, आता भरतीची तयारी कर. काय करू?’ मग आपण काय उत्तर देतो? जिद्द ठेव, मेहनत कर, एक दिवस जग तुझं नाव घेईल. असं बोलायला काही पैसे पडत नाहीत हो. महिन्याच्या एक तारखेला त्या पोराच्या खात्यात काय येतं, हे कुणीच विचारत नाही. आज आपण तेच विचारणार आहोत. आपल्याकडच्या काही मोठ्या खेळाडूंचं करिअर बघायचं, पण मेडलच्या बाजूने नाही, पगाराच्या बाजूने.

सुरुवात अर्थातच खाशाबांपासून.

खाशाबा दादासाहेब जाधव. जन्म १५ जानेवारी १९२६, गाव गोळेश्वर, कराडच्या अगदी जवळ. वडील पैलवान, म्हणजे घरातच तालीम. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला खाशाबा गेले ते कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च उचलला म्हणून. तोवर सगळी कुस्ती लाल मातीत खेळलेली. तिथे समोर मॅट, नियम वेगळे, गुण देण्याची पद्धत वेगळी. तरी फ्लायवेट गटात सहावे आले. आज आपण ‘सहावा आला’ हे वाचून पुढे स्क्रोल करतो. पण मॅटची सवय नसलेला माणूस जगात सहावा आला होता, हे जरा डोक्यात ठेवा.

मग १९५२, हेलसिंकी. आता तरी सरकार पैसे देईल असं कुणालाही वाटेल. मुंबई सरकारकडे मदत मागितली, पण पुरेसे पैसे वेळेत मिळेनात. गावातल्या लोकांनी वर्गणी काढली. आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर, म्हणजे खाशाबांच्याच कॉलेजचे प्राचार्य, त्यांनी स्वतःचं राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. १९५२ सालचे सात हजार! ऑलिम्पिकला जाणाऱ्या पैलवानाचा खर्च एका शिक्षकाच्या घरावर उभा होता.

हेलसिंकीत बँटमवेट फ्रीस्टाइलमध्ये, म्हणजे ५७ किलोच्या गटात, खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीचे मल्ल हरवले. पुढची लढत जपानच्या शोहाची इशीशी. ती चांगलीच लांबली आणि खाशाबा हरले. आणि लगेच सांगितलं, पुढच्या कुस्तीला उभे राहा. नियमाने मध्ये विश्रांती मिळायला हवी होती. पण नियमावर बोट ठेवून भांडायला आपल्या पथकातलं कुणी तिथे हजरच नव्हतं! दमलेल्या अंगाने ते सोव्हिएत मल्लासमोर उभे राहिले आणि हरले. इशीला गोल्ड, सोव्हिएत मल्लाला सिल्व्हर, खाशाबांना ब्राँझ. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. पुढचं वैयक्तिक पदक यायला १९९६ उजाडावं लागलं, लिएंडर पेसचं. चव्वेचाळीस वर्षं!

परत आल्यावर शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. बहुतेक जण ही गोष्ट इथेच संपवतात, शाळेच्या पुस्तकासारखी. पण मिरवणूक संपल्यावर खाशाबांनी काय केलं? कुस्त्या भरवल्या. का, तर त्यातून येणाऱ्या पैशातून खर्डेकर सरांचं कर्ज फेडायचं होतं. देशाला मेडल आणून दिलं आणि वर त्याचा हप्ताही स्वतःच भरला.

नोकरी मिळाली ती १९५५ मध्ये, मेडलनंतर तीन वर्षांनी. पोलीस खात्यात सब-इन्स्पेक्टर. पुढची सत्तावीस वर्षं त्यांनी खात्यात काढली आणि असिस्टंट कमिशनर म्हणून निवृत्त झाले. प्रमोशन उशिरा, पेन्शनसाठी खेटे. १४ ऑगस्ट १९८४ ला रस्ता अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तोही मरणोत्तर, जाऊन दीड दशक उलटल्यावर.

आता माझा मुद्दा सांगतो. खाशाबांवर अन्याय झाला, हे सगळेच म्हणतात आणि ते खरंच आहे. पण नुसतं हळहळून काही हाती लागत नाही. गडबड कुठे झाली? क्रम चुकला. ज्या वयात पोटाची काळजी नको होती, कुणीतरी खुराकाचा, प्रवासाचा, सरावाचा खर्च उचलायला हवा होता, तेव्हा मागे कुणी नव्हतं. आणि नोकरी आली ती ऑलिम्पिकमधली ताकद दाखवून झाल्यावर. म्हणजे नोकरी बक्षीस म्हणून आली. खेळाडूला ती आधार म्हणून लागते.

हा क्रम उलटा झाला की काय होतं, त्याचं उदाहरण अविनाश साबळे. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा हे त्याचं गाव. आईवडील वीटभट्टीवर राबायचे. लहानपणी शाळा लांब, मग कधी चालत, कधी पळत. यावरून लोक लगेच म्हणतात, बघा, तिथेच धावपटू घडला! थांबा जरा. असे चालत शाळेत जाणारे हजारो पोरं आहेत, ते सगळे ऑलिम्पिकला का नाही गेले? अविनाश बारावीनंतर सैन्यात गेला, महार रेजिमेंटमध्ये. सियाचीनला राहिला, राजस्थानच्या वाळवंटातही राहिला. स्पर्धेत धावायला लागला तो सैन्यात गेल्यावर. म्हणजे पगार आधी, बूट आधी, जेवण आधी, आणि मग खेळ.

त्याचा प्रकार ३००० मीटर स्टीपलचेस. ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. या शर्यतीत अठ्ठावीस अडथळे आणि वर सात वेळा पाण्याची उडी. आणि हे अडथळे साध्या हर्डलसारखे धक्का लागला की पडणारे नाहीत. जाड लाकडी तुळई असते, पाय अडकला तर तुम्हीच पडता. २०१८ मध्ये अविनाशने या प्रकारातला ३७ वर्षं टिकलेला राष्ट्रीय विक्रम मोडला, मग स्वतःचाच विक्रम पुन्हा पुन्हा मोडत २०२४ मध्ये ८ मिनिटं ९.९१ सेकंदांपर्यंत आला. २०२२ ची बर्मिंगहॅमची राष्ट्रकुल स्पर्धा बघा. त्याआधीच्या सलग सहा राष्ट्रकुल स्पर्धांत या शर्यतीची तिन्ही पदकं केनियाने नेलेली. अविनाशने तिथे सिल्व्हर काढलं, आणि गोल्ड हुकलं किती फरकाने? शून्य पॉइंट शून्य पाच सेकंद! डोळ्याची पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो.

२०२५ मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत तो पडला, गुडघ्याला मोठी दुखापत झाली, ऑपरेशन करावं लागलं. असं झालं की धावपटूचे महिनेच्या महिने जातात, काही जणांचं तर करिअरच संपतं. पण पाठीशी पगार आहे, म्हणून बिछान्यात पडून ‘आता खायचं काय’ हा प्रश्न पडत नाही. टीव्हीवर हा भाग कधी दिसत नाही.

सैन्याचाच विषय निघालाय तर मुरलीकांत पेटकर यांना विसरून चालणार नाही. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे. सैन्यात बॉक्सर होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि शरीराचा खालचा भाग लुळा पडला. उपचार म्हणून पाण्यात उतरले, आणि १९७२ मध्ये जर्मनीत हायडलबर्गला पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात ३७.३३ सेकंदांत विश्वविक्रम करून गोल्ड घेऊन आले. भारताचं पहिलं पॅरालिम्पिक गोल्ड. पुढे पुण्यात टेल्कोत नोकरी केली. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. ‘चंदू चॅम्पियन’ सिनेमा २०२४ मध्ये आला तेव्हा आपल्यातल्या निम्म्या लोकांनी त्यांचं नाव पहिल्यांदा ऐकलं, मीही सुटलो नाही. पण घर चाललं ते पुरस्कारावर नाही. टेल्कोच्या पगारावर चाललं.

आता स्वप्नील कुसळे. कोल्हापूर जिल्हा, राधानगरी तालुका, कांबळवाडी. १ ऑगस्ट २०२४, पॅरिस, ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स. म्हणजे गुडघ्यावर बसून, पालथं झोपून आणि उभं राहून, अशा तिन्ही प्रकारे नेम साधायचा. ४५१.४ गुण आणि ब्राँझ. खाशाबांनंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळालं. तुम्हाला आठवत असेल, त्या दिवशी सगळीकडे एकच बातमी होती: रेल्वेचा टीसी आणि ऑलिम्पिक मेडल! धोनीही टीसी होता, मग त्यावर मीम्स आलेच.

पण स्वप्नीलचा हिशेब नीट बघा. २००९ मध्ये वडिलांनी त्याला सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत घातलं. राहणं, जेवण, प्रशिक्षण तिथे. २०१५ मध्ये मध्य रेल्वेत नोकरी लागली. नेमबाजी हा महागडा खेळ. एकेका गोळीला शंभरावर रुपये, आणि सरावात त्या अशा शेकड्याने उडतात. मधल्या काळात वडिलांनी, जे शिक्षक आहेत, पोराच्या गोळ्यांसाठी कर्ज काढलं.

इथे मी थांबलो होतो तयारी करताना. १९५२ मध्ये एका शिक्षकाने घर गहाण टाकलं आणि बहात्तर वर्षांनंतरच्या मेडलमागेही एका शिक्षकाचं कर्ज! प्रबोधिन्या आल्या, योजना आल्या, प्रायोजक आले. हे सगळं मान्य. पण सोळा ते बावीस या वयातला खड्डा अजून घरच्यांनाच भरावा लागतो. त्या वयात तुम्ही ज्युनिअर राहत नाही आणि सीनिअरमध्ये अजून नाव झालेलं नसतं. बहुतेक पोरं याच खड्ड्यात खेळ सोडतात. टॅलेंट कमी पडतं म्हणून नाही.

नोकरीलाही दुसरी बाजू आहेच. स्वप्नील नऊ वर्षं टीसीच होता. मेडल आल्यावर मात्र चुटकीसरशी थेट ओएसडी. राज्य सरकारने तेव्हा एक कोटी जाहीर केले. हरियाणात ऑलिम्पिक ब्राँझला अडीच कोटी मिळतात. वडिलांनी बक्षिसाच्या रकमेवर उघड नाराजी व्यक्त केली, तर काही जणांनी त्यांनाच हावरट म्हटलं. मला नाही पटलं. ज्याने कर्ज काढलंय त्याने हिशेब विचारायचा नाही तर कुणी विचारायचा?

तर आता ती कमेंट. खेळ की भरती? अहो, हे दोन रस्ते वेगळे आहेतच कशाला! महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांमध्ये खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. रेल्वे, सैन्य, पोलीस आपापल्या टीमसाठी खेळाडू घेतात. कुठल्या स्पर्धेत कितवा नंबर आला, त्यावर कुठल्या गटाची नोकरी मिळणार हे ठरतं. म्हणून आजच एक काम करा. तुमची सगळी प्रमाणपत्रं एका फाइलमध्ये लावा आणि ती स्पर्धा मान्यताप्राप्त संघटनेची होती का ते तपासा. कारण पडताळणी क्रीडा खात्याकडून होते, आणि आजकाल ती कडक आहे. कडक का झाली? तर ट्रॅम्पोलिनसारख्या खेळांची बोगस प्रमाणपत्रं दाखवून लोकांनी नोकऱ्या लाटल्या. एक बोगस कागद म्हणजे एका खऱ्या खेळाडूची जागा गेली. क्लासवाला कुणी ‘सर्टिफिकेट काढून देतो’ म्हणाला तर तिथून सरळ निघा.

हा रस्ता पुढे कुठपर्यंत जातो ते बघायचं तर ललिता बाबर. साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातलं मोही गाव. रेल्वेत नोकरी, मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तीन वर्षं पहिली, मग स्टीपलचेसकडे वळली. २०१६ ला रिओत प्राथमिक फेरीत राष्ट्रीय विक्रम करून फायनलला गेली. १९८४ च्या पी. टी. उषानंतर ट्रॅकवरच्या ऑलिम्पिक फायनलमध्ये पोहोचलेली पहिली भारतीय महिला. दहावी आली, मेडल नाही. तरी राज्य सरकारने तिला थेट उपजिल्हाधिकारी केलं. आधी रेल्वे, नंतर महसूल खातं, आणि मध्ये ऑलिम्पिक फायनल.

कबड्डी आणि खो-खोवाल्यांनो, तुमचं गणित थोडं वेगळं आहे, लीगमुळे. २०१४ ला प्रो कबड्डी आल्यापासून तिथे पैसा आला, पण लिलावात नाव न आलेल्या पोरांचं काय, हा पुन्हा तोच प्रश्न. त्यावर वेगळा भाग करतोय. त्यासाठी खेळातून नोकरी मिळवलेल्या, किंवा प्रमाणपत्र असूनही अडकलेल्या खेळाडूंशी मला बोलायचंय. तुम्ही त्यातले असाल तर खाली कमेंटमध्ये खेळ आणि जिल्हा एवढंच लिहा, बाकी मी विचारतो. भेटू पुढच्या भागात.