विश्लेषण : गाडीच्या टपावर कॅरियर बसवावे का?

गणपतीला गावी निघताना मुंबई-पुण्यातल्या अनेक घरांत एकच कोडे पडते. माणसे पाच, बॅगा सहा, मखराचे सामान वेगळे आणि गाडी सीएनजीची. डिकीतली बरीचशी जागा सिलिंडरने व्यापलेली. मूर्ती मुंबईहून न्यायची असेल तर एक सीटही गेली. मग ‘टपावर कॅरियर बसवून घेऊ’ असा तोडगा निघतो. पण छत किती वजन पेलते, इंधन किती जास्त जळते, कायदा काय म्हणतो आणि वर्षातून किती दिवस हे कॅरियर लागणार, या चार प्रश्नांची उत्तरे आधी मिळवली तर अनेकांचा निर्णय बदलू शकतो.

पूर्वी टॅक्सीवर सर्रास कॅरियर असे, मग आता अडचण काय?

मुंबईच्या रस्त्यांवरून २०२३च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झालेल्या काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनीच्या टपावर कॅरियर हमखास दिसे. त्या काळच्या गाड्यांच्या छताला दोन्ही कडांनी पावसाचे पाणी वाहून जाण्यासाठी पत्र्याची पन्हळ असे. कॅरियरचे पाय त्या पन्हळीत घट्ट बसत. आजच्या बहुतेक गाड्यांना अशी उघडी पन्हळ नसते. त्यामुळे कॅरियरचा भार छतावरच्या रेल्सवर किंवा दाराच्या चौकटीत अडकवलेल्या पकडीवर येतो.

छतावर रेल्स आहेत, म्हणजे सामान ठेवता येते का?

नाही. अनेक गाड्यांवरचे रेल्स केवळ शोभेचे असतात. ते क्लिपने किंवा चिकटवून बसवलेले असतात आणि त्यांवर भार टाकायचा नसतो. काही गाड्यांना मात्र वजन पेलणारे रेल्स मिळतात. रेनॉच्या ट्रायबरमध्ये असे रेल्स दिले गेले असून त्यांची मर्यादा ५० किलो आहे. आपल्या गाडीचे रेल्स कोणत्या प्रकारचे, याचे उत्तर गाडीसोबत मिळालेल्या माहितीपुस्तिकेत शोधावे. तिथे छतावरच्या भाराचा आकडा नसेल किंवा छतावर सामान ठेवू नये असे लिहिले असेल, तर विषय तिथेच संपतो.

५० किलोत नेमके किती सामान मावते?

वाटते त्यापेक्षा कमी. या मर्यादेत कॅरियरचे स्वतःचे वजनही धरावे लागते. समजा, लोखंडी कॅरियर १५ किलोचे आहे. मग सामानासाठी उरले ३५ किलो. देशांतर्गत विमानप्रवासात साधारण १५ किलोची बॅग नेता येते. त्या मापाच्या दोन बॅगा वर चढवल्या की मर्यादा जवळपास संपली. तांदळाचे पोते, नारळाची गोणी किंवा परतीच्या प्रवासातली आंब्याच्या पेट्यांची चळत टपावर ठेवण्याच्या वस्तू नव्हेत.

दुसरी मर्यादा संपूर्ण गाडीची. प्रत्येकी ६५ किलोची पाच माणसे म्हणजे ३२५ किलो झाले. त्यात डिकीतले आणि टपावरचे सामान मिळवल्यावर होणारे वजन गाडीच्या कमाल भारात बसायला हवे. टपावर जागा झाली म्हणून गाडीची ताकद वाढत नाही.

घाटात काय फरक पडतो?

वजन जितके उंचावर, तितकी गाडी वळणावर बाहेरच्या बाजूला जास्त कलते. ताम्हिणी, कुंभार्ली, आंबा किंवा आंबोली घाटातल्या लागोपाठच्या वळणांवर, त्यातही पावसाने रस्ता निसरडा झाला असताना, हे प्रकर्षाने जाणवते. भार वाढल्याने गाडी थांबायलाही जास्त अंतर लागते. म्हणून जड सामान नेहमी खाली, डिकीत ठेवावे. टपावर अंथरुणे, कपड्यांच्या बॅगा, मखराचे थर्माकोलविरहित हलके भाग अशा मोठ्या पण वजनाला कमी वस्तू ठेवाव्यात.

इंधन किती जास्त लागते?

अमेरिकी सरकारच्या इंधन बचतविषयक माहितीनुसार, टपावरच्या मोठ्या सामानपेटीमुळे मायलेज शहरात २ ते ८ टक्के, महामार्गावर ६ ते १७ टक्के आणि ताशी १०५ ते १२० किलोमीटर वेगाला १० ते २५ टक्क्यांपर्यंत घटू शकते. कारण वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६० वरून वेग ९० वर नेला तर वेग दीडपट होतो, पण वाऱ्याचा रेटा सव्वादोन पट होतो.

सीएनजी गाडीचे उदाहरण घेऊ. ८ किलो गॅस आणि किलोला २४ किलोमीटर धरले तर एका भरण्यात १९२ किलोमीटर जाता येते. मायलेज १५ टक्क्यांनी घटले तर तोच गॅस १६३ किलोमीटरवर संपेल. सणाच्या दिवसांत पंपावरच्या रांगा पाहता हा फरक पैशांपेक्षा वेळेचा आहे.

खरा तोटा प्रवासानंतर सुरू होतो. रिकामे कॅरियरही वारा अडवते. वर्षाला १२ हजार किलोमीटर धावणारी, लिटरला १८ किलोमीटर देणारी पेट्रोल गाडी घेऊ. कॅरियर न काढल्याने मायलेज ५ टक्के जरी घटले, तरी वर्षाला सुमारे ३५ लिटर पेट्रोल जास्त जळेल. लिटरला १०० रुपये धरले तर साडेतीन हजार रुपये, तेही चार दिवसांच्या सोयीसाठी.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये केरळमधील प्रकरणात हीच भूमिका अधोरेखित केली. २०१९च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी वाहनमालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. सामान गाडीच्या बाजूंबाहेर, पुढे, मागे किंवा उंचीला मर्यादेपलीकडे गेले तर कलम १९४ नुसार २० हजार रुपये दंड आहे.

म्हणून छताला भोके पाडून किंवा वेल्डिंग करून सांगाडा बसवण्याच्या वाटेला जाऊ नये. त्यामुळे पत्रा गंजतो, पाणी गळते आणि वॉरंटीवरून वाद होतो. शिवाय अनेक नव्या गाड्यांत छताच्या कडेलाच पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅग असतात. कंपनीने त्याच मॉडेलसाठी दिलेले, सहज काढता येणारे कॅरियर घ्यावे, बिल जपून ठेवावे आणि विमा कंपनीला लेखी कळवावे.

बसवायचेच ठरले तर?

सामान नायलॉनच्या दोरीऐवजी घट्ट आवळता येणाऱ्या रॅचेट पट्ट्यांनी पुढून, मागून आणि दोन्ही बाजूंनी बांधावे. ताडपत्रीचे टोक मोकळे राहिले तर वाऱ्याने फडफडून ती फाटते, पट्टेही सैल होतात. पहिल्या १५-२० किलोमीटरनंतर थांबून पट्टे तपासावेत. टायरमध्ये पूर्ण भारासाठी सांगितलेली हवा भरावी. चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवर बहुधा तो आकडा असतो. सोसायटीच्या तळघरातले पार्किंग आणि उंची अडवणारे लोखंडी दांडे यांचाही विसर पडू नये.

मग निर्णय कसा घ्यावा?

वर्षातून एक-दोनदाच गरज पडत असेल तर कॅरियर न बसवणे बहुधा स्वस्त आणि सुरक्षित. कडक सुटकेसऐवजी मऊ बॅगा घेतल्या तर सीएनजी गाडीच्या डिकीतही सिलिंडरभोवती बरेच सामान बसते. जड सामान आधीच पार्सलने पाठवता येते किंवा त्या प्रवासापुरती मोठी गाडी भाड्याने घेता येते. महिन्यातून एक-दोनदा बाहेरगावी जाणे होत असेल, छताची मर्यादा पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेली असेल आणि वर ठेवायचे सामान हलके असेल, तर काढता येणारे कॅरियर उपयोगी ठरते. अट एकच : प्रवास संपला की ते टपावरून उतरवायचे.