डबा न उघडता परत का जातो?

मधल्या सुट्टीत काही मुलींचे डबे न उघडताच दप्तरात परत जाताना आम्ही पाहिले. विचारले तर उत्तर आले, ‘डाएटिंग!’

अन्न एकदम तोडले की शरीर दुष्काळ पडल्यासारखे वागते. ऊर्जेचा खर्च आखडते. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ३६ तरुण स्वेच्छेने २४ आठवडे अर्धपोटी राहिले. त्यांचा विश्रांतीतील ऊर्जाखर्च सुमारे ४० टक्क्यांनी घटला, नाडी मंदावली, मनात सतत अन्नच. म्हणूनच पुन्हा पूर्वीसारखे जेवताच वजन लवकर वाढते. जठर लहान करण्याच्या शस्त्रक्रियेने भूक कमी होते. पण ऊर्जाखर्च तेव्हाही घटतो. तो आजारावरचा उपचार आहे, हौस नव्हे.

वाढत्या वयात उपाशी राहणे नको, खेळ हवा. पालकांनी मुलांना वजनावरून चिडवू नये आणि संध्याकाळी डबा उघडून पाहावा, ही विनंती.